प्रियंकाची टोपी

माधवनगर,
१४ जानेवारी १९९६

प्रिय प्रबुद्ध यांस,
सप्रेम जयभीम.

तिकडे थंडी फार असेल. इकडे सगळे ठीक. तुमच्या आईंचे गुडघे दुखतात, पण त्यांचं चालणं-फिरणं चालू आहे. प्रियंका परत शाळेत जाऊ लागली, ही मोठी बातमी.

फिट आली की पोर कुठेही कोसळते, म्हणून शाळेतल्या बाईंनी तिला घरी बसवलं होतं. औषधानं फिटा कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मग मी तिच्यासाठी टोपी शिवायला घेतली. दुकानात स्कूटरच्या सीटा शिवते, तिथलाच फोम. चांगली जाड, मऊ टोपी झाली. ती घालून पोर न्हाणीच्या दगडावर पडली आणि कपाळाला टाके पडले. मऊ फोम दाबला की संपतो. मग डोकं आणि दगड यांच्यात काहीच उरत नाही.

दुसरी टोपी चपलेच्या रबराची केली. ती दबेचना. धक्का सगळा आत, शिवाय घामानं डोकं भिजायचं. तीही टाकली. आईंना म्हटलं, आता नाही होत माझ्याच्यानं.

मग एकदा दुकानात पट्ट्यांना भोकं पाडायचा लोखंडी पंच रबरावर चालवून बघितला. भोकाशेजारी भोक, मधमाशीच्या पोळ्यासारखं. दाबलं की भोकं मिटायची, सोडलं की उघडायची. दाट पाडली तर रबर लगेच बसायचं, विरळ पाडली तर कडक राहायचं. जमेपर्यंत बरंच रबर वाया गेलं. आतून पातळ फोम लावला आणि मीच टोपी घालून चौकटीवर डोकं आपटून पाहिलं.

आई म्हणाल्या, "आगं, याड लागलं का तुला?"

"फार लागत न्हाई, आई."

त्यांनी टोपी काढून घेतली, स्वतःच्या डोक्यावर घातली आणि हळूच भिंतीवर डोकं आपटलं. मग भाकरी थापायला गेल्या.

गेल्या आठवड्यात प्रियंका ती टोपी घालून शाळेच्या पायरीवर पडली. मी धावत पोचले तोवर उठून बसली होती. कोपर खरचटलं होतं. म्हणाली, "आई, डोकं न्हाई दुखलं." मी तिथंच बसले. बाईंनी पाणी दिलं. मला रडूही येईना, नुसती झोप येत होती.

दिवाळीत तुमच्या पलटणीतला नाथाजी घरी आला होता, ते लिहायचं राहिलं. दारातूनच म्हणाला, "वैनी, प्रबुद्ध हाय का?"

"ते कुठं आलेत?"

तो म्हणाला, "आमी एकाच गाडीनं आलो. त्यो साताऱ्याला उतरला. म्हणला, मागनं येतो."

आईंना हे सांगितलेलं नाही. तुम्ही कुठे राहिलात, तेही विचारत नाही. आदल्या सुट्टीत प्रियंकाला फिट आली तेव्हा तुम्ही अंगणात गेलात, ती शुद्धीवर येईपर्यंत आत आला नाहीत. तुम्हाला बघवत नाही, हे मला कळतं. मलाही बघवत नाही.

फार काही करायचं नसतं. तिला कुशीवर वळवायचं, गळ्याचं बटण सोडायचं आणि शेजारी बसायचं. डोळे उघडले की शेजारी कोण आहे, ते ती आधी बघते. दर वेळी मीच असते.

पुढच्या सुट्टीत साताऱ्याला उतरू नका. मला एक रात्र सलग झोपायचं आहे.

प्रियंकाची आई,
माया