पप्पांचा पेपर

आचरा,
३ मे

प्रिय डेलिशा,

पाकिटावरचे अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, ही शक्यता मी गृहीत धरली आणि पत्ता पोस्टातल्या मुलीकडून लिहून घेतला. ही फसवणूक आहे, हे मान्य करतो. पण तू माझा फोन घेत नाहीस, आणि तुझ्या आईने कुवेतहून स्पष्ट सांगितले आहे, "बापाचे निरोप चेडवाक नि चेडवाचे बापाक, ह्यो धंदो माका जमाचो नाय. तुमचा तुमी बोला." इतक्या वर्षांच्या नर्सिंगनंतर तिला इतके कठोर होता येते, हे मला नवीन होते. असो. मुख्य बातमी आधी सांगतो.

ॲल्स्टनला शाळेत जायचे आहे. जूनपासून, आठवीत. आठवीपर्यंत वयाप्रमाणे थेट प्रवेश मिळतो, आधीच्या शाळेचा दाखला मागत नाहीत. नववीपासून कागदपत्रांचा जाच सुरू होतो. म्हणजे या वर्षी गेला नाही तर पुढे जवळजवळ नाहीच. फॉर्म भरून देण्याची शेवटची तारीख शुक्रवार, १५ मे आहे. तो फॉर्म आठ दिवस माझ्या टेबलावर पडून होता, पालकाच्या सहीची जागा कोरी.

घरच्या शिकवणीचे वर्ष वाईट गेले म्हणून तो जातो आहे, असे तू समजू नयेस. उलट बारा वर्षांत इतके चांगले वर्ष आपल्या घराला मिळाले नव्हते. जेटीच्या एका खांबावर आम्ही वीत-वीत अंतराने रंगाच्या रेघा मारल्या, आणि जूनपासून मार्चपर्यंत ॲल्स्टनने रोज दुपारी पाण्याची उंची आणि भरतीची वेळ नोंदवली. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते, हे कोणत्याही पुस्तकात छापलेले असते. ती का, हे त्याला वहीत सापडले. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते, तोवर चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठण्यासाठी पृथ्वीला आणखी थोडे फिरावे लागते, आणि त्या थोड्यासाठी लागणारा वेळ म्हणजे ही पन्नास मिनिटे! तेरा वर्षांच्या मुलाने हे स्वतः मांडले, तेव्हा मी जेटीवर अक्षरशः उडी मारली. शेजारचा बाबली होडीत जाळे झटकत होता. "सर, पोरगो हुशार आसा हां," तो म्हणाला, "पण ह्यो खेळता कोणावांगडा?" समवयस्कांचा सहवास ही शिक्षणाची पूर्वअट का नाही, याची तीन कारणे मी त्याला दिली. त्याने तिन्ही ऐकून घेतली आणि पुन्हा जाळे झटकायला लागला.

कणकवलीच्या कॉलेजातली नोकरी मी का सोडली, हे तुला पाठ आहे. सूत्र घडाघडा म्हणणाऱ्या, पण हातात फूटपट्टी दिली तर शून्य कुठून धरायचा हे न कळणाऱ्या मुलांना मी अकरा वर्षे शिकवले होते. माझी मुले तशी होऊ द्यायची नाहीत, त्यांना घरीच शिकवायचे, असे मी ठरवले. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस आणि ॲल्स्टन एक. तुला निदान चौथीपर्यंतची शाळा आठवत असेल. त्याने शाळा आतून कधी पाहिलेलीच नाही.

वर्षअखेरची आपली पद्धत तू विसरली नसशील. आपल्याकडे परीक्षा मुलांनी द्यायची नाही. मुलांनी पेपर काढायचा आणि तो शिक्षकाने सोडवायचा. ज्याला प्रश्न विचारता आला, तो पुढच्या वर्गात. पडवीतल्या टेबलाशी मला बसवून तू मागे हात बांधून फेऱ्या घालायचीस आणि मी मान वर केली की "इकडे तिकडे पाहू नका" म्हणून दटावायचीस. अढीतले मधले आंबे आधी का पिकतात, भरलेला नारळ पाण्यावर का तरंगतो, असे तुझे प्रश्न असत, आणि तुझ्या पेपरात मला नव्वदच्या खाली कधी मिळाले नाहीत. त्या गुणांचा मला किती अभिमान होता, हे आज लिहिताना लाज वाटते.

यंदा ॲल्स्टनने दहा प्रश्न काढले. त्यांत विज्ञान नव्हते. पहिला: माझ्या चार मित्रांची नावे लिहा. मी बाबलीचे नाव लिहिले आणि थांबलो. बाबली पंचावन्न वर्षांचा आहे. दुसरा: दुपारी मी कुठे असतो? मी आत्मविश्वासाने लिहिले, जेटीवर, नोंद घेत. चूक. मधल्या सुट्टीच्या वेळी तो नाक्यापलीकडच्या शाळेच्या कुंपणाबाहेर उभा असतो. मुलांचा चेंडू कुंपणावरून बाहेर आला की तो उचलून आत फेकतो. हे गेली दोन वर्षे चालले आहे. मुलांना त्याचे नाव ठाऊक नाही, कुंपणाबाहेरचा म्हणून ती "ए भायल्या, चेंडू टाक!" असे ओरडतात, आणि तो टाकतो. मग जेटीवरच्या दुपारच्या नोंदी? त्या तो आदल्या आकड्यांवरून गणिताने काढून लिहीत असे. मी अधूनमधून खांबाशी जाऊन तपासत होतो, आणि त्या बरोबर येत होत्या. माझ्या उत्तम शिकवण्याचा असा उपयोग होईल, हे मला सुचले नव्हते.

तिसरा प्रश्न असा: दीदी मला दर रविवारी किती वाजता फोन करते? मला तो काल्पनिक वाटला, म्हणून मी सोडून दिला. उत्तर त्यानेच खाली लिहिले: साडेनऊ वाजता, मिसा सुटल्यावर, बाबलीच्या फोनवर. चार वर्षे, डेलिशा! त्या प्रत्येक रविवारी मी चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून फादरांशी शिक्षणपद्धतींवर बोलत होतो आणि माझ्यापासून वीस पावलांवर, माडाखाली, तू माझ्या मुलाशी बोलत होतीस. बाबलीला ठाऊक होते. बहुधा फादरांनाही ठाऊक असावे. मला राग आला, आणि तो अजून आहे; तो नसल्याचे मी दाखवणार नाही.

दहावा प्रश्न होता: दीदी घर सोडून का गेली? यावर मी दीड पान लिहिले, मुद्दे आणि उपमुद्दे पाडून. ॲल्स्टनने त्यावर आडवी रेघ मारली आणि लाल शाईने शेरा दिला, 'विषयांतर'. शब्द माझा, वळणही माझे. शंभरांपैकी मला सहा गुण मिळाले, तेही नीटनेटकेपणाचे. पेपर परत देताना तो म्हणाला, "पप्पा, माका शाळेत जावचा आसा." धड्याच्या टेबलाशी आपण नेहमी प्रमाण मराठीत बोलतो. त्या दिवशी तो तसे बोलला नाही, आणि मी सुधारले नाही.

दोन दिवसांनी मी त्याला घेऊन फॉर्म आणायला गेलो. प्रवेशाचे काम पाहणाऱ्या नम्रता मॅडम चांगल्या वाटल्या. पण त्यांच्या खोलीबाहेर भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता होता आणि त्यात पाणी फक्त चंद्राच्या बाजूला फुगलेले दाखवले होते. दुसऱ्या बाजूचा फुगवटा नव्हताच! मी विनम्रपणे लक्ष वेधले. त्यांनी "बरं, सर, फॉर्म देऊ का?" असे विचारले. मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट पृथ्वी म्हणून घेतला, खिशातली सुपारी चंद्र म्हणून ठेवली, आणि विरुद्ध बाजूलाही भरती का येते हे समजावले. त्यांनी फॉर्म देऊ का, असे आणखी दोनदा विचारल्याचे ॲल्स्टन सांगतो. मला एकदाच आठवते. माझे बोलणे चाळीस मिनिटे चालले. खिडकीशी निकालाच्या कामासाठी आलेली मुले जमली होती, आणि त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "अरे, भायल्याचो पप्पा तर मास्तरांचो मास्तर!" सगळी हसली. ॲल्स्टन हसला नाही. तो सुपारीकडे पाहत होता.

घरी येताना तो माझ्या चार पावले पुढे चालत होता. फाटकाशी थांबून म्हणाला, "फॉर्म देवक तुमी येव नकात, पप्पा. तुमी परत समजावूक बसशात." तीन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. माझे शाळेबद्दलचे मत त्या तीन दिवसांत बदलले नाही आणि आजही बदललेले नाही. तो तक्ता चुकीचाच आहे, आणि त्या वर्गात बसून माझा मुलगा चुकीचे चित्र काढून गुण मिळवणार आहे. पण चौथ्या दिवशी मला तुझी ती दुपार आठवली, आणि या वेळी मुद्द्यांसकट आठवली नाही.

मुक्त विद्यालयातून घरबसल्या दहावी होऊन तू कणकवलीच्या कॉलेजात गेलीस, त्याला चाळीस दिवस झाले होते. दुपारच्या एसटीने आलीस, दप्तर ओट्यावर टाकलेस आणि उभ्या उभ्या रडायला लागलीस. मुली तुला विचारत, "काय गो, तुमच्या घरात मधल्या सुट्टीची घंटा कोण वाजवता? तुझो पप्पा?" बाकावर तुझ्याशेजारी कोणी बसत नव्हते. तू मला एवढेच विचारलेस, "पप्पा, आता मी काय करू?" आणि मी कागद आणला. एखादा समूह नव्या माणसाला बाहेर का ठेवतो, याची वर्तुळे काढली. बाण काढले. बराच वेळ बोललो. मधेच तुझे रडणे थांबले, तेव्हा तुला विषय समजला, असे मला खरोखर वाटले. कागदावर एकही बाण माझ्याकडून निघालेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तू मडगावला मावशीकडे गेलीस. तुझ्या आईला मी फोनवर सांगितले, की चर्चा समाधानकारक झाली.

तू तिथे बालवाडीत शिकवतेस, असे आईकडून कळले. लहान मूल रडायला लागले की तू काय करतेस, हे मी आईला विचारले होते. ती म्हणाली, "उचलून घेता. आणखी काय करतला?"

या पत्राचे कारण आता सांगतो. सही केलेला फॉर्म सोबत आहे. तो नेऊन देताना घरातले मोठे माणूस सोबत लागते. तुझी आई डिसेंबरशिवाय येऊ शकत नाही, आणि ॲल्स्टनला मी नको आहे. त्याला तू हवी आहेस. तसे तो रविवारी तुला सांगेल की नाही, मला माहीत नाही, कारण तू या घरात येणार नाहीस हे त्याने धरून ठेवले आहे. तुझ्या बालवाडीला सुट्टी आहे, तर १५ तारखेला एक दिवस येऊन त्याला घेऊन जाशील का? त्या दिवशी पहाटेच्या एसटीने मी देवगडला आंब्याच्या बागेत जाणार आहे आणि संध्याकाळची शेवटची गाडी पोचेपर्यंत परतणार नाही, म्हणजे तुझी-माझी गाठ पडायची नाही. जेवण झाकून ठेवीन. चावी बाबलीकडे असेल; तो कुठे सापडतो ते तुम्हा दोघांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. ॲल्स्टनला नवा शर्ट मी आणला आहे, तो बाह्यांना थोडा लांब आहे. तूच दुमडून दे.

तुझाच,
पप्पा