तुझं बर्फासारखं इंजिन

प्रिय दादा,

तुला जाऊन वर्ष होत आलं, पण मी तुला एक ओळही लिहिली नव्हती. आज लिहिते, कारण आज सकाळी तुझा सुकलाल पुन्हा पिकअपवर बसला. आणि हे माझ्यामुळे झालं, ते तुला दुसरं कुणी नीट सांगणार नाही.

तुझ्यामागे खोक्यांचा धंदा निखिलने हाती घेतला आणि पिकअपचं ॲव्हरेज काढलं. तू कधी काढलं होतंस का रे? टाकी रिकामी झाली की भरायचास, संपलं. गाडी पाण्यासारखं पेट्रोल पीत होती आणि सुरतेतच गोडादऱ्याहून इच्छापोरला माल नेताना सिग्नलला उभी राहिली की बंद पडत होती. गॅरेजवाल्याने दोनदा प्लग बदलले, फिल्टर बदलला, पंप बदलला. काही फरक नाही. मग तुझ्या चिरंजीवांनी माणसावर संशय घेतला.

"सुकलालकाका, पेट्रोल नक्की जातं कुठे?" सगळ्या कामगारांसमोर विचारलं त्याने.

सुकलालने चावी टेबलावर ठेवली आणि तो डिंडोलीला घरी निघून गेला. वीस वर्षं तुझी गाडी चालवलेला माणूस!

मी निखिलला गाठलं. "पुरावा दाखव," म्हटलं.

"आत्या, तू शाळेत शिकवायचीस. गाडीतलं तुला काय कळतं?"

हे तुझ्याकडूनच आलं ना? बाबांनी हिला कॉन्व्हेंटात घातलं, पण हिचं इंग्रजी गॅरेजात चालत नाही, असं चारचौघांत म्हणायचास. मी जन्मभर विज्ञान शिकवलं, हे मात्र सोयीने विसरायचास.

मी गॅरेजात गेले आणि काढलेले प्लग मागितले. सगळे काजळीने काळेकुट्ट. आता तूच सांग, चोराने पेट्रोल नेलं तर प्लग काळे कसे होतील? इंजिनात नको तेवढं पेट्रोल जाऊन अर्धवट जळलं, की काजळी धरते. म्हणजे पेट्रोल इंजिनातच जात होतं. पण इतकं का?

डिंडोलीला जाऊन सुकलालला म्हटलं, मला इच्छापोरला घेऊन चल.

"ताई, मी त्या गाडीले आता हात लावणार नही."

"मग मी चालवते."

त्याने चावीसाठी हात पुढे केला.

भर उन्हात आम्ही इच्छापोर गाठलं. इंजिनाचं तापमान दाखवणारी सुई अजून तळाशीच होती. विचारलं, ही बिघडली आहे का?

"नही ताई, ती वर येतच नही. दादा सांगेत, आपली गाडी बरफ शे, बरफ."

बर्फ! काय तो अभिमान तुझा.

परत येताना तशीच गॅरेजात उतरले आणि थर्मोस्टॅट कुठे आहे, असं विचारलं. गॅरेजवाला हसला. "बेन, सुरतनी गरमीमां एनी शी जरूर? दादाए पोतेज कढाव्यो हतो."

सुरतेच्या गरमीत गरज नाही म्हणून तूच काढायला लावला होतास! अरे, इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ती एवढीशी झडप. ती नसली की इंजिन नीट तापत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, गाडी आत्ताच सुरू झाली आहे, आणि तो जास्तीचं पेट्रोल ओतत राहतो. झाकण न ठेवता भात शिजवणाऱ्या बाईला तू किती नावं ठेवली असतीस?

नवी झडप बसवली, साचलेली काजळी साफ केली, पुन्हा एकदा नवे प्लग घातले. सुई मध्यावर आली आणि तिथे ठरली. आठवडाभर निखिलने स्वतः गाडी चालवली. एकदाही बंद पडली नाही. ॲव्हरेज त्याने दोनदा काढलं, कारण पहिल्यांदा त्याचा विश्वास बसेना.

"काकांना फोन करतो," म्हणाला.

"फोन नाही. आरोप तोंडावर केलास, माफीही तोंडावर माग."

डिंडोलीला जाताना रिक्षात मला हळूच म्हणाला, "आत्या, बाबांचं नाव सांगायलाच हवं का?" मी म्हटलं, हवं. गेलेल्याची चूक झाकायला जिवंत माणसाची अब्रू वापरायची नाही. राग आला का, दादा? येऊ दे.

निखिल दारातच हात जोडून उभा राहिला. सुकलालच्या बायकोने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ती म्हणाली, "उंबऱ्याबाहेरून माफी मागतात का? आत या, बसा, मग मागा."

त्याने मागितली, चांगली मागितली. मग झडपेची हकिकत मी सांगितली.

"म्हणजे इतकी वर्षं पेट्रोल दादानीच पिधं म्हना," सुकलाल म्हणाला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. निखिलनेही पुसले. मी माझा चष्मा पुसला.

दादा, तुला शब्द देते. मी आहे तोवर या घरात काही कमी पडलं, काही नाहीसं झालं, तर आधी यंत्र उघडून बघितलं जाईल. त्याआधी कुणी माणसाकडे बोट दाखवलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

तुझी धाकटी बहीण,
कुसुम