आलेखात नसलेली कंपनी

मी, सूर्यकांत तात्याराव गव्हाणे, वय अडुसष्ट, केंद्र सरकारच्या लेखा कार्यालयातून निवृत्त, मूळ गाव औसा, हल्ली राहणार वसुंधरा, गाझियाबाद, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि कसलीही नशा न करता लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. धीर मात्र शाबूत नाही, पण कायद्याने धीराची अट घातलेली नाही, तेव्हा चालून जावे. येत्या बुधवारी माझी बायपास आहे. डॉक्टर म्हणतात, आजकाल हे किरकोळ काम झाले आहे. छाती त्यांची असती तर किरकोळ म्हणाले असते का, हे मी विचारले नाही. मला भीती वाटते आणि ती लपवण्याचे माझे वय राहिलेले नाही.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केलेले सापडलेच, तर ते माझे नव्हे असे समजावे.

कलम १. माझ्या मागे पत्नी विजयालक्ष्मी आणि एकुलता मुलगा अंशुमन असे दोघे वारस आहेत. अंशुमन गुरुग्रामला एका कंपनीत नोकरी करतो. मुलगा प्रेमळ आहे, निर्व्यसनी आहे, आईला दर रविवारी भेटायला येतो. हे मुद्दाम आधी लिहितो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कोणी त्याला वाईट म्हणू नये. वाईट माणसाची मला इतकी भीती वाटली नसती. वाईट माणसाला नाही म्हणता येते.

कलम २. धवलगंगा पंप्स या कंपनीचे माझे दोन हजार शेअर विजयालक्ष्मीला मिळावेत. तिने ते ठेवावेत की विकावेत हे तिचे तिने ठरवावे.

या शेअरांबद्दल थोडे लिहिणे भाग आहे, कारण सगळा घोळ इथूनच सुरू झाला. पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात आली तेव्हा, म्हणजे १९९८ च्या मार्चमध्ये, मी हे शंभर शेअर चारशे रुपये भावाने घेतले. पुढे कंपनीने एकास एक बोनस दिला, त्याचे दोनशे झाले. मग एकेका शेअरचे दहा तुकडे झाले, म्हणून आज दोन हजार दिसतात. मोबाइलवर जुने भाव पाहिले तर १९९८ चा भाव चारशे दिसत नाही, वीस दिसतो. कारण मोबाइल आजच्या तुकड्याच्या मापाने जुना भाव कापून दाखवतो. भाकरीचे वीस घास केले तर एका घासाची किंमत भाकरीएवढी कशी असेल? यात फसवणूक नाही. फक्त आपण कोणत्या मापाचा आकडा वाचतो आहोत, हे कळायला हवे.

अंशुमनला ते कळले नाही. यंदा संक्रांतीला आम्ही नेहमीप्रमाणे पानिपतला निघालो होतो. दिल्लीतले आम्ही काही मराठी लोक दरवर्षी त्या दिवशी तिथे जातो, रणांगणावर डोके टेकवतो आणि येताना घोंगड्या घेऊन येतो. वाटेत चहाला थांबलो तेव्हा त्याने माझी जुनी खरेदी-पावती आणि मोबाइल शेजारी शेजारी ठेवले. पावतीवर चारशे, मोबाइलवर त्याच महिन्याचा भाव वीस. त्यावरून त्याने ठरवले की बाबांनी चारशेला घेतलेला शेअर महिनाभरात विसावर कोसळला आणि तिथून उठून आज नऊशेवर गेला. म्हणजे ही कंपनी कितीही पडली तरी उठतेच. म्हणून आपण हे राहते घर बँकेकडे गहाण टाकावे, मिळेल तो सगळा पैसा याच एका कंपनीत घालावा आणि पाच वर्षांत आई-बाबांना गुरुग्रामात मोठे घर घेऊन द्यावे.

मी त्याला बोनस आणि तुकडे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले, अच्छा म्हणाला, आणि दोन मिनिटांनी त्याचा चेहरा अधिकच उजळला. “म्हणजे बाबा, ती कधी पडलीच नाही! मग तर अजूनच सेफ आहे.”

पडली असती तरी त्याचे खरे, नाही पडली तरी त्याचेच खरे. मी म्हटले, अरे, मराठ्यांचा आलेखसुद्धा अटकेपर्यंत असाच वर गेला होता, आणि आपण आत्ता कुठे चाललो आहोत ते बघ. तो हसला. बाबा यार, ती लढाई होती, म्हणाला, आणि चहाचे पैसे दिले.

कलम ३. मार्च १९९८ मध्येच, त्याच दलालाकडून, मी आणखी एका कंपनीचे शंभर शेअर घेतले होते. ती कंपनी पॉलिएस्टरचे सूत काढायची. तेव्हा सगळे जण पंपवाल्यांपेक्षा सूतवाल्यांचेच गोडवे गात होते, तिचा मागच्या पाच वर्षांचा भाव तर डोळे दिपवणारा होता. ती बुडाली. तिचे नाव बाजारातून काढून टाकले, आणि अंशुमनच्या मोबाइलवर आज तिचा आलेख निघत नाही. जिवंत राहिलेल्यांचेच जुने भाव पाहून माणूस म्हणतो, बघा, सगळे कसे वर गेले. बुडालेल्यांची रांग त्याला दिसतच नाही.

त्या कंपनीचे छापील शेअर-प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. कागद अजून कडक आहे, वर सोनेरी नक्षी आहे. हे प्रमाणपत्र मी अंशुमनला देतो. त्याने ते चांगल्या चौकटीत बसवून कामाच्या टेबलासमोर लावावे. बापाने रद्दी दिली असे त्याने म्हणू नये, माझ्याकडची सर्वांत महाग वस्तू मी त्याला देत आहे.

कलम ४. बँकेतील ठेवी विजयालक्ष्मीला. माझी पेटी आणि पुस्तके अंशुमनला. ॲल्युमिनियमची घडीची शिडी सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांना. ती तीन दिवाळ्यांपासून त्यांच्याकडेच आहे, पण आता ती त्यांनी रीतसर, माझ्या मृत्युपत्रातून घ्यावी आणि वर चढताना प्रत्येक पायरीवर माझी आठवण काढावी.

कलम ५. वसुंधरा येथील राहते घर, जे माझ्या एकट्याच्या नावावर आहे, त्यात विजयालक्ष्मीने हयातभर राहावे. मात्र ते विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा त्यासंबंधी कोणत्याही कागदावर सही करण्याचा अधिकार तिला नसावा. तिच्या पश्चात घर अंशुमनला मिळावे.

हे कलम लिहिताना माझा हात थांबला होता. पण बुधवारी मी टेबलावरून उठलो नाही तर काय होईल ते मला आत्ताच दिसते आहे. तेरावा झाला की मुलगा आईजवळ बसेल, मोबाइलवरची ती चढती रेघ दाखवेल, आई, बाबांचीच तर कंपनी आहे, म्हणेल. आणि एकुलत्या एका मुलाला ती नाही म्हणू शकणार नाही. साठी उलटलेल्या बाईचे छप्पर एका रेघेवर टांगलेले असेल. मला मरणापेक्षा याची जास्त भीती वाटते.

शिवाय मोबाइलवरचा भाव पाहून ती स्वतः एकदा किती घाबरली होती ते मला माहीत आहे. २०१६ साली आम्ही तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो. माझे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले, मी हिंदूराव रुग्णालयात भरती होतो. त्याच आठवड्यात धवलगंगाच्या शेअरचे दहा तुकडे झाले आणि चोवीसशेचा भाव सकाळी दोनशे चाळीस दिसू लागला. तिला वाटले, नवऱ्याची आयुष्याची कमाई एका रात्रीत गेली. डॉक्टरांनी धक्का बसू देऊ नका म्हणून बजावले होते, तेव्हा तिने माझा मोबाइल पदराखाली लपवला आणि बिघडलाय, दुरुस्तीला दिलाय असे सांगितले. घरी येईपर्यंत ती भीती तिने एकटीने वागवली, आणि मला पेज भरवताना हसत होती. मला कळले तेव्हा मी तिची थट्टा केली. आज ती थट्टा सुचत नाही.

वरील मजकूर लिहून झाल्यावर, आज दुपारी, मी तो विजयालक्ष्मीला वाचून दाखवला. ती मटार सोलत होती. शिडीपाशी हसली, प्रमाणपत्रापाशी मान हलवली. पाचवे कलम ऐकल्यावर तिने हातातली शेंग खाली ठेवली.

मग तिने जे सांगितले ते असे. मागच्या रविवारी मी तपासणीसाठी गेलो असताना अंशुमन कर्जाचे कागद घेऊन आला होता. ऑपरेशनच्या आधी बाबांची सही घे, मागून अडचण होईल, असे तो आईला म्हणाला. ‘मागून’ म्हणजे काय हे त्याला बोलून झाल्यावर कळले असावे, कारण तो रडू लागला. तिने त्याला जवळ घेतले, डोळे पुसले, आणि म्हणाली, “तुझे बाबा म्हणतात ना, बुडालेल्या कंपन्यांची रेघ निघत नाही. ती काढून दाखव, मग मी सही घेऊन देते.” तो न जेवता गेला. कागद तिने साड्यांच्या कपाटात कुलूप लावून ठेवले आणि मला काहीच सांगितले नाही. डॉक्टरांनी धक्का बसू देऊ नका म्हटले आहे ना.

अंशुमनच्या बेताची जी धास्ती मी इतके दिवस तिच्यापासून लपवत होतो तीच ती माझ्यापासून लपवत होती. एकाच घरात आम्ही दोघे एकाच गोष्टीला वेगवेगळे भीत होतो.

ती म्हणाली, “मला सही करायला बंदी घालताय? घाला. पण आधी बरे होऊन या. त्याला नाही म्हणायला मी एकटी पुरते, पण मला एकटीने म्हणायचं नाहीये.”

सबब कलम ५ मी आडवी रेघ मारून रद्द करत आहे. शेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे. त्याऐवजी असे वाचावे: वसुंधरा येथील घर विजयालक्ष्मी सूर्यकांत गव्हाणे हिच्या पूर्ण मालकीचे राहील. तिच्यावर कोणतीही अट नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

माझी सही कापरी आली आहे आणि बँकेतल्या जुन्या सहीशी ती जुळणार नाही. जुन्या सहीवरून आजचा माणूस ओळखू नये, ही माझीच आहे. सही करताना पत्नीचा हात माझ्या खांद्यावर होता. लाभार्थीने दबाव आणला असा आक्षेप कोणी घेतल्यास कळवतो, होय, होता. तो काढू नकोस असे मीच तिला सांगितले.

ठिकाण: वसुंधरा, गाझियाबाद
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५

(सही) सूर्यकांत तात्याराव गव्हाणे

वरील सही आमच्या दोघांच्या देखत झाली. लिहून देणार पूर्ण शुद्धीवर होते, घाबरलेले होते, आणि आम्हाला चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नव्हते.

साक्षीदार:
१. (सही) प्रतीक सबनीस, शेजारी
२. (सही) डॉ. गिरिजा वैद्य, खालचा मजला