इंजिन तापेपर्यंत

गंगूआक्का,

आज सकाळी विंझरात पहिली कडक थंडी पडली. गाडी अंगणात काढली, किक मारली. इंजिन दोन-चार धक्के देऊन विझलं. पुन्हा मारली, पुन्हा तेच. मग नेहमीसारखा चोक ओढून धरला, आणि एकाएकी मानेवर काटा आला. गर्रकन मागं वळलो. कोणी नव्हतं ग! नुसतं खळं, आणि त्यावर रचलेले भाताचे भारे.

गाडी तशीच सोडली, घरात आलो आणि लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं. म्हणून मोठ्यानं म्हणत लिहितोय. ऐकतेस ना?

लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातली ही मोटारसायकल घेऊन मी पहिल्यांदा तुझ्या दारात आलो, तो दिवस आठवतो? मी भोरला गॅरेजात कामाला होतो, अंगाला चोवीस तास तेलाचा वास. तू गाडीच्या पुढच्या दिव्याला फूल वाहिलंस, सीटवर हात फिरवलास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होईना तेव्हा पोट धरून हसलीस. "म्हाताऱ्या मानसागत हाय रं ही! उठाया किती येळ लावती!"

मी तुला समजावलं होतं. इंजिन गार असलं की पेट घेतं, पण टिकत नाही. चोक ओढून धरायचा, अंगात ऊब येईपर्यंत दम धरायचा. घाई करून रस्त्याला लावली की भसकन बंद. प्लग बदलला, जेट साफ केला, सगळं करून पाहिलं. खोड गेली नाही. तापली की मात्र खंडाळ्याचा घाटसुद्धा एका दमात चढेल!

त्या वेळी दाजींना जाऊन वर्ष झालं होतं. सोनी चार वर्षांची. वाटणीचं भाताचं खाचर तुझ्या ताब्यात, आणि बांधाच्या पलीकडं तुझा दीर राणबा. बाईमाणसानं एकटीनं शेत करावं, हे त्याला खपत नव्हतं. त्यानं तुझ्या खाचराचं पाणी तोडलं. तुझ्या गाभण म्हशीच्या पोटात पहार मारली. म्हैस दोन दिवस ओरडून मेली.

आणि विहिरीवर त्यानं तुझ्या तोंडावर काठी मारली, दोन दात पाडले, ते मला मागाहून गावाकडून कळलं. तू मला कुठं सांगितलंस? "पायरीवरनं घसरले" म्हणालीस! मी विचारलं तेव्हा पदर तोंडाला लावून चुलीकडं वळलीस. आक्का, माझ्याशी खोटं का बोललीस? मी जाऊन त्याचा जीव घेईन, ह्याची भीती वाटली?

कितीदा म्हटलं, माहेरी कामथडीला चल, आई आहे, मी आहे. तुझं एकच. "म्या गेले की शेत गेलं. सोनीला काय दावू मग?" शेवटी सोनीला आईकडं पाठवलंस आणि तू राहिलीस.

त्या सुगीत भाताच्या झोडणीसाठी मी आदल्या संध्याकाळी आलो होतो. रात्रभर गाडी अंगणात दवात भिजली. उजाडलं तेव्हा आपण दोघं खळ्यावर होतो. तू कोयत्यानं भाऱ्यांचे बंद तोडत होतीस, मी पेंढ्या झोडत होतो. तोंडातनं वाफा निघत होत्या. तू कसलंतरी लग्नातलं गाणं म्हणत होतीस, आठवतं?

राणबा बांधावरून आला. हातात कुऱ्हाड. बरोबर काठी घेतलेला एक गडी, आणि मागून त्याची बायको चंद्राबाई ओरडत, "आवं, नगा! रगात हाय ते आपलंच!"

"भात माज्या भावाचं हाय," राणबा म्हणाला. "उचल तुजं बोचकं."

"तुज्या भावाचं व्हतं, तवा त्यो आजारात पानी मागत पडला व्हता," तू म्हणालीस. "तवा कुठं व्हतास?"

त्यानं गड्याला खूण केली. गड्याची काठी माझ्या डाव्या दंडावर बसली, हात लुळा पडला. मी उजव्या हातानं त्याचा गळा धरला आणि त्याचं डोकं खळ्याच्या दगडावर आपटलं. तेवढ्यात कुऱ्हाड तुझ्या कमरेत शिरली. तो आवाज, आक्का! ओल्या लाकडात शिरावी तसा. तू बसलीस आणि लगेच उठलीस. लुगडं मांडीपर्यंत लाल झालं. त्यानं दुसरा घाव घातला, तो चुकून दगडावर बसला आणि पातं दांड्यातून निसटून लांब गेलं.

"थांब," तो म्हणाला, "थांब हितंच." आणि रिकामा दांडा फेकून घराकडं पळाला. गडी डोकं धरून उठला, त्यानं तुझं रक्त बघितलं आणि तोही पळाला, गावाच्या दिशेनं.

मी तुला धरून अंगणात आणलं. पहिली किक. इंजिन विझलं. दुसरी. विझलं.

"आक्का, बस मागं!"

"चालू झाली का?"

"न्हाई अजून."

"मग बसून काय करू?"

राणबा येताना दिसला. ह्या खेपेला कोयता. तू भिंतीला टेकली होतीस, ती सरळ झालीस. तुझा कोयता अजून तुझ्याच मुठीत होता.

"किती येळ लागंल?" विचारलंस.

"पेटली की तापाया लागंल थोडी."

"तापू दे. म्या बघते ह्याच्याकडं."

तिसऱ्या किकला इंजिनानं पेट घेतला. मी एका हाताचा. त्या हातानं चोक धरायचा, आणि डोळे इंजिनावर. सोडला तर विझणार. तुझ्याकडं धावलो तर विझणार. गाडी विझली तर तू रक्त जाऊन मरणार, हे मला दिसत होतं. मी पाठ करून बसलो आणि इंजिनाची धडधड ऐकत राहिलो. मागं लोखंडावर लोखंड. राणबाच्या शिव्या. चंद्राबाईचं रडणं. तुझा मात्र एक शब्द नाही! तू उभी आहेस की पडलीस, ते कसं कळणार होतं मला?

मग राणबा किंचाळला. असला आवाज मी गुराचासुद्धा ऐकला नाही. वळून बघितलं तर तो गुडघ्यांवर, मनगट पोटाशी धरलेलं, आणि त्याची दोन बोटं अंगणातल्या शेणामातीत पडलेली. तू त्याच्या डोक्यावर कोयता उगारून उभी. चंद्राबाई त्याच्यावर आडवी पडली होती. तू तिच्याकडं बघितलंस. किती वेळ बघितलंस! आणि कोयता खाली घेतलास.

इंजिन तापलं होतं. एकसारखं चालत होतं.

फेटा सोडून तुला माझ्या पाठीला बांधलं, एका हातानं आणि दातांनी. लुळ्या हाताची बोटं कशीबशी क्लचवर अडकवली. वाटेत गाडी एकदाही अडली नाही. नसरापूरपर्यंत तू बोलत होतीस. भात उघडं राहिलं म्हणालीस. कोंबड्या खातील म्हणालीस. तुझं रक्त माझ्या पाठीवरून ओघळत होतं, गरम, आणि वाऱ्यानं लगेच गार होत होतं. मोठ्या सडकेला लागलो, कामथडी दिसली.

"आपलं गाव आलं का रं?"

"व्हय, आक्का."

"आईला हाक मार."

मी हाक मारली. धावत्या गाडीवरून, घसा फाटेपर्यंत. आईला कुठली ऐकू जाते? पण तुला ऐकू गेली ना?

भोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फेट्याची गाठ कात्रीनं कापली. तू माझ्या पाठीवरून सरळ खाली आलीस. त्यांनी काही सांगायची गरज राहिली नाही.

आता पुढचं ऐक, कारण ह्यावरून सगळे माझ्यावर रागावलेत. खटल्यात आपल्या वकिलांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बहीण निःशस्त्र होती एवढंच सांग. बोटं झटापटीत तुटली म्हण. जन्मठेपेखाली सुटत नाही तो." आपले मामाही म्हणाले, सांग तसं.

मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. समोर राणबा, हाताला चिंधी. आणि मला तू दिसलीस, भिंतीपासून सरळ होणारी. गरीब बिचारी विधवा, हात जोडून मेली, असं सांगू तुझ्याबद्दल? माझी जीभ वळली नाही. मी सगळं सांगितलं. तू कोयता धरलास, तू त्याला कापलंस, आणि मारता येत असून सोडलंस.

त्याला थोडकी वर्षंच झाली. मामांनी आपल्या घरी येणं सोडलं. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. आक्का, तूच सांग, चुकलं का माझं? तुला अबला करून त्याला जन्मभर डांबायला हवं होतं का? रात्री कधीकधी वाटतं, हवं होतं. मग वाटतं, तुला ते ऐकून माझ्या थोबाडीत द्यावीशी वाटली असती.

गॅरेज सोडलं. सोनीला आणि आईला घेऊन इथंच विंझरात, तुझ्या घरी राहतो. खाचर सोनीचं आहे, तिच्या नावावर लागलं. ती रोप लावायला उतरते तेव्हा चिखलात तुझ्यासारखीच पाय रोवून उभी राहते.

काल चंद्राबाई बांधावर आली. पलीकडंच उभी राहिली. म्हणाली, "सदा, ह्या महिन्यात सुटत्यात. पोरीला जप." एवढं बोलून गेली. रडली नाही.

ऐकल्यावर पहिला विचार काय आला, ते तुझ्यापासून लपवत नाही. येरवड्याच्या दारातच गाठावा आणि संपवावा. रात्रभर तेच डोक्यात होतं. पहाटे सोनी उठली, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि दारात जाऊन बसली. माझी भीती वाटली तिला, आक्का. राणबाची नाही, माझी!

म्हणून तुला शब्द देतो. तो येईल. बांधापलीकडं त्याचं आहे, तिथं त्यानं सुखानं राहावं. अलीकडं आला तर मी उभा असेन. पहिला घाव माझा नसेल. पण मी हलणार नाही.

तुझ्या पाठचा,
सदा