दुभाष्याची सही

आप्पा, लिहायला बसले आणि पहिल्यांदा आठवला तो मधाचा डबा. खुशाली विचारायची सोय राहिली नाही, तेव्हा सरळच विचारते. तो डबा कुणी दिला, हे त्या दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडणार होतं? तुम्ही शहाद्याच्या कोर्टात बेलिफ. समन्स घेऊन तळोद्यापर्यंत एसटीने, तिथून जीपने आणि जीप थांबली की पायी डोंगरात जायचात. माय दादर ज्वारीची भाकर नि ठेचा फडक्यात बांधून द्यायची, कारण पक्षकाराच्या दारात तुम्ही पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाहीत. "ज्याना घर च्या पेसू, त्याले समन कसा देसू?" हे तुमचं ठरलेलं वाक्य. गावात लोक तुम्हाला हसायचे. लोणखेड्यातल्या आपल्या घरात तीस वर्षांत कोर्टाच्या कामातून आलेली एक वस्तू कुणाला दाखवता आली नसती. आणि एका शनिवारी तुम्ही डोंगरातून आलात ते मधाने भरलेला डबा घेऊन.

त्याच्या आधीच्या सोमवारचा दिवस मला नीट आठवतो. मी तेव्हा सनद मिळवून एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करत होते, म्हणजे खरं तर त्यांच्या तारखा लिहून घेत होते. त्या दिवशी आमची तारीख धुळ्याला होती, म्हणून मी शहाद्याच्या कोर्टात नव्हते. संध्याकाळी घरी आले तर तुम्ही चुलीजवळ पाटावर बसलेले, शर्टाची वरची बटणं काढलेली, आणि मायला हसत हसत सांगत होता. तुम्हाला पावरी बोली यायची, म्हणून डोंगरातला साक्षीदार असला की साहेब तुम्हालाच दुभाष्या म्हणून उभं करायचे. खरं भाषांतर करीन अशी शपथ घ्यायची आणि साहेबांचा प्रश्न पावरीत, साक्षीदाराचं उत्तर मराठीत. बस्स.

"डोकरी अर्धा तास बोलनी," तुम्ही म्हणालात. "जावईले घरमा कसा लिधा, गावमधला कोन कोन बठेल व्हतात, सासरानी वावर कसं दखाडं, समदं सांगं तिनी."

"मंग तुम्ही काय सांगं साहेबले?" मायने विचारलं.

"साहेबना जेवाना टाइम व्हयेल. म्हने थोडक्यात सांग. मी सांगं, जावई धा वरीस सासराना वावरमा राबना."

माय हसली. मीही हसले, आप्पा. हे आधीच कबूल केलेलं बरं. मला त्यात विनोदच दिसला, कारण जेवणाच्या वेळचं कोर्ट मीही पाहिलेलं होतं.

दावा काय होता ते मला त्याच आठवड्यात कोर्टातल्या कागदांतून कळलं. वादी बाई डोंगरातली, बापाची एकुलती लेक. त्यांच्या रिवाजात बापाची जमीन लेकीला जात नाही, चुलतभावांकडे जाते. पण बापाने गावासमोर जावयाला कायमचा घरजावई करून घेतला असेल तर जमीन त्या घरातच राहते. आता गोम अशी की ज्याच्याकडे देज, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायची रक्कम, द्यायला काही नसतं तो पोरगाही सासऱ्याकडे काही वर्षं राबतो, देज फिटलं की बायको घेऊन आपल्या गावी जातो. शेतात राबणारा जावई बांधावरून पाहिला तर दोन्हींकडे सारखाच. फरक कुठे, तर घरात घेताना गावासमोर काय बोललं गेलं त्यात. साक्षीला आलेल्या म्हातारीने, वादीच्या मावशीने, नेमकं तेच अर्धा तास सांगितलं आणि तुम्ही नेमकं तेच गाळलं. उरला तो नुसता राबणारा जावई. तुमच्यासारख्या त्या डोंगरात उभा जन्म फिरलेल्या माणसाला हा फरक माहीत नव्हता, यावर माझा कधीच विश्वास बसला नाही.

म्हणून तो डबा आला तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. चुलतभावांची स्वतःची जीप होती, तळोद्याच्या बाजारात त्यांची ऊठबस होती. मी विचारलं, "आप्पा, हाऊ कोनी दिना?" तुम्ही टोपी खुंटीला अडकवत होता. मागे वळून पाहिलं नाहीत. "कोर्टनं कोर्टमा. घरमा इचारानं नही." एवढंच. त्या आवाजात तुम्ही माझ्याशी त्याआधी बोलला नव्हता. माय तो मध दुधात घालून द्यायची. मी दूध नको म्हणायला लागले आणि तुमच्या ते लक्षात आलं असणार, कारण तुमचं लक्ष नसलेली गोष्ट त्या घरात नव्हती. तरी तुम्ही गप्पच.

दोन वर्षांनी मी परीक्षा पास होऊन न्यायाधीश झाल्याचं पत्र आलं. तुम्ही खाटेवर होता. पत्र उशाशी ठेवून घेतलंत आणि म्हणालात, "पहिले मानूसना तोंडकडे देखजो. कागद मंग." महिन्याच्या आत गेलात. रडतानाही माझ्या डोक्यात तो डबा होता. हे लिहायची लाज वाटते, पण होता.

तुमचा सल्ला मी खालच्या कोर्टांत पाळला. वर, उच्च न्यायालयात गेल्यावर तो निरुपयोगी झाला, कारण अपिलात तोंडं नसतात. साक्षीदार केव्हाच बोलून घरी गेलेला असतो, कधी मेलेला असतो, आपल्यासमोर त्याच्या बोलण्याचा कागद येतो. मग मी कागदावरच संशय घ्यायला शिकले. तीन वेगवेगळ्या पाड्यांवरची तीन माणसं एकाच शाळामास्तरसारखं मराठी बोलताना दिसली की मी वकिलांना थांबवायचे. "याने हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं का?" असं विचारायचे. वकील म्हणायचे, बाईसाहेब कागदाचा वास घेतात. अशाच जबाबांवर दिलेल्या शिक्षा मी रद्द केल्या. साक्षीदाराला कोर्टाची भाषा येत नसेल तर त्याचे मूळ शब्द जमतील तितके लिहून घ्यावेत, असं एका निकालात खडसावून लिहिलं, त्याचं पुष्कळ कौतुक झालं. बार असोसिएशनच्या कार्यक्रमात कुणीतरी म्हणालं, यांचे वडील दुभाषी होते, म्हणून यांना ही तळमळ. मी मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला. लोकांच्या दुभाष्यांवर मी इतकी तुटून का पडते, हे एकानेही विचारलं नाही.

मग ती फाईल आली. दुसरं अपील, वर्षानुवर्षं पडून राहिलेलं. जिल्हा कोर्टातही बाई हरली होती. मी सवयीने आधी जबाब काढला. ‘जावई दहा वर्षे सासऱ्याच्या शेतात राबत होता. मला याहून अधिक माहिती नाही.’ खाली डोकरीचा अंगठा, आणि दुभाष्याची सही. तुमची. शेवटच्या अक्षराची शेपटी रेघेखाली ओढायची तुमची खोड होती, ती तशीच. पहिलं वाक्य तुम्ही चुलीजवळ सांगितलं होतं. दुसरं कुठून आलं? अर्धा तास बोललेल्या बाईला अधिक माहिती नव्हती? हे तुम्ही म्हणालात, की साहेबांनी ताट वाढलेलं आठवून आपल्या मनाने लिहवलं? मी त्या ओळीकडे किती वेळ पाहत बसले ठाऊक नाही. स्टेनो दारातून दोनदा डोकावून गेला.

मी फाईलवर लिहिलं, ‘माझ्यासमोर नको.’ आम्हाला कारण द्यावं लागत नाही. आणि बाजूला व्हायलाच हवं होतं, यात वाद नाही, बापाची सही असलेल्या कागदावर लेकीने निवाडा करायचा नसतो. पण बाजूला होऊन मी गप्प बसले, तिथे चुकलं. त्या जबाबात काय गाळलं गेलं हे तुमच्या तोंडून ऐकलेली मी एकटीच जिवंत होते. न्यायाधीश म्हणून उठायचं आणि साक्षीदार म्हणून उभं राहायचं, एक प्रतिज्ञापत्र करायचं, एवढंच होतं. ते केलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की दुभाष्याने असं का केलं, आणि मग तो मधाचा डबा मला भर कोर्टात उघडावा लागला असता. मी तुमची अब्रू राखली असं स्वतःला सांगत आले. खरं तर मी माझा संशय राखला. चार वर्षांनी दुसऱ्या न्यायाधीशांनी अपील फेटाळलं. त्यांच्यासमोर जो कागद होता त्यावर मीही तेच केलं असतं.

निवृत्त झाले आणि पक्षकाराला भेटायचं नाही हे कारण संपलं. मागच्या महिन्यात तळोद्याहून जीपने निघाले. ती बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. नवरा गेलेला. चुलतभावांच्या पोरांकडे, म्हणजे स्वतःच्या बापाच्याच शेतात, रोजाने निंदायला जाते. अंगणात बसून ती तूर पाखडत होती. मी सांगितलं, त्या बेलिफाची मुलगी. तिने सूप खाली ठेवलं.

"तुझा बाप आलेला आमच्या घरी," ती म्हणाली. वीस-पंचवीस वर्षांत मला कुणी तू म्हटलं नव्हतं. "कोर्ट झालं ना, त्याच हप्त्यात आला. इथेच बसला. मावशीला बोलला, बाई, तू लई सांगितलं, मी कमी सांगितलं. माझी चूक झाली. वरच्या कोर्टात बोला, मी येईन, मी सांगेन."

"मग?"

"आमचा वकील बोलला, नको. त्याची नोकरी जाईल. दुसरं काही करू. मग तो मरून गेला."

मी लगेच विश्वास ठेवला नाही. सवय. विचारलं, "रिकाम्या हाताने गेला का तो?"

"नाही. मावशीने मध दिला. घेत नव्हता. ती बोलली, नाही घेतला तर मी समजेन तू खोटं बोलायला आला."

"कशात दिला?"

"डालड्याच्या डब्यात. कान तुटलेला."

कान तुटलेलाच होता. तार बांधून मायने त्यात पुढे कितीतरी वर्षं मीठ ठेवलं. उलटतपासणीत साक्षीदार टिकला, आप्पा. तरी परतीच्या वाटेवर माझं डोकं थांबेना. तुम्ही पस्तावून गेला होता, की लेक वकील झालीय, उद्या हिच्यापर्यंत हे पोचेल या भीतीने? मेलेल्या बापावर एवढा संशय घ्यायचा म्हणजे हद्द झाली, हे मलाही कळतं. पण एवढं सगळं करून आलात आणि घरी येऊन पोरीला एक शब्द सांगितला नाहीत, याचा रागही येतो. सांगितलं असतं तर मी त्या फाईलवर वेगळं काही लिहिलं असतं. असतं ना?

ते जाऊ द्या. खरं सांगायचं ते पुढचं आहे. मी उठायला लागले तेव्हा तिने विचारलं, "मावशीने काय काय सांगितलं ते तुझा बाप घरी कधी बोलला नाही तुला?"

"नाही," मी म्हणाले.

"मग तुला कसं माहीत असणार," ती म्हणाली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.

तिने माझ्यावर लगेच विश्वास ठेवला. तिच्या जागी मी असते तर ठेवला नसता. हे पत्र खरं तर तिचं आहे, आप्पा. तिच्या पाड्याचं नाव, पोस्ट, तालुका, सगळं मला पाठ आहे. तुमचा पत्ता नाही, टपालात टाकावं लागणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.