जी बोलते तिचीच चूक

३ सप्टेंबर १९९६, भेस्तान, सुरत
लागली बाई एकदाची सिस्टरची नोकरी! अमळनेरहून निघताना सगळं परकं असेल अशी धास्ती होती, पण इथं दवाखान्यात निम्मे पेशंट आपल्याच खानदेशातले, कापडाच्या लूमवर राबणारे. मला सगळे सुषमाबेन म्हणतात, ऐकायला गंमत वाटते. मोठ्या सिस्टर सरलाबाई नंदुरबारच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी खिचडी खाऊ घातली नि कामाची रीतही सांगितली. सकाळी त्या सगळी इंजेक्शनं भरून खाटांच्या क्रमानं ट्रेमध्ये मांडतात, आपण फक्त देत जायचं. नावं विचारत बसलं तर दुपार होईल म्हणतात. बाई मोठ्या झपाट्याच्या आहेत.

११ सप्टेंबर
छत गळतं म्हणून काल खाटा हलवल्या, ट्रे मात्र जुन्याच क्रमानं. मधुमेहवाल्या म्हाताऱ्याचं इन्सुलिन आज तापाच्या दत्तूला गेलं. दिलं मयुरीनं, माझ्यासोबतच्या सिस्टरनं. त्याला दरदरून घाम सुटला, हातपाय कापायला लागले. मला कळलं, साखर उतरलीय. साखर द्या म्हणणार, तेवढ्यात सरलाबाईंनी माझा दंड धरला.
"इथं जी बोलते, तिचीच चूक धरतात."
मागे रंजना नावाची सिस्टर बोलली होती म्हणे, तर तिलाच पोलिसांत दिलं. मी जीभ आवरली. दुपारी दत्तू गेला. तापानं गेला, असं त्याच्या बायकोला सांगितलं.

१४ सप्टेंबर
डबा तसाच परत नेते. मयुरी माझ्याकडे बघत नाही, मी तिच्याकडे. दत्तूची बायको इंदुबाई येऊन आमच्या सगळ्यांच्या पाया पडून गेली, खूप केलंत म्हणाली. थू माझ्या जिण्यावर. सरलाबाई ट्रे तसाच मांडतात.

२० सप्टेंबर
मलाही मलेरियानं गाठलं. इथंच दाखल. गोळ्या चालू आहेत. आज पंखा बिघडला, म्हणून माझी खाट सरकवली. मयुरीला म्हटलं, नाव बघून देत जा गं. ती ट्रे उचलून पुढच्या खाटेकडे गेली.

२१ सप्टेंबर
सकाळी ग्लानीत होते. मयुरी दंडात सुई देऊन गेली. मला तर गोळ्या आहेत, सुई कसली—

घाम. भूक, भयंकर भूक. हात कापतोय. हे तापाचं नाही, मी ओळखते— साखर मागितली. मयुरीनं ट्रेकडे पाहिलं. तिला कळलंय. सरलाबाई म्हणतात अशक्तपणा आहे, पडून राहा.

पुन्हा मागितली. सगळ्या खाटेपाशी उभ्या. मयुरी रडतेय. तोंड उघड गं. मी नाही उघडलं— तू तरी—

साखर दे मयु