तापल्यावर सुटणारी वायर

बाबा,

गाडी दारात लावली आहे, किल्ली फ्रिजवर. बिघाड गिअर बदलणाऱ्या सोलेनॉइडच्या वायरीत होता. गाडी थंड असताना वायरी तपासायच्या मीटरवर सगळं ठीक दिसायचं, म्हणून गॅरेजमध्ये आम्हाला कुणाला पत्ता लागेना. आज मुद्दाम तापेपर्यंत फिरवली आणि लगेच मीटर लावला, तेव्हा कुठे चोर सापडला. तापली की वायर सुटते आणि गाडी वरचा गिअर घेतच नाही.

आई गेली त्या दिवशी तिला दवाखान्यात नेतानाही हेच झालं. तुम्ही घाबरून हळू चालवली नव्हती, बाबा. गाडीच पळत नव्हती. आता स्वतःला बोल लावणं सोडा आणि झाकून ठेवलंय ते जेवा.

वायर बदलली. आईला आडवं करायला तुम्ही मागे पाडलेली सीट तेवढी माझ्याच्यानं सरळ करवली नाही.